'आउटरेज' : कृत्य आणि क्रोध यांना जोडणारा शब्द

इंग्रजी वृत्तपत्रे नित्य वाचणाऱ्या मराठी वाचकाला 'आउटरेज' हा शब्द नवा नाही. एखादी निर्घृण घटना घडली की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात तो हमखास दिसतो. मराठीत त्याचे रूपांतर बहुधा 'संताप' असे केले जाते. हे रूपांतर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. 'अँगर', 'रेज', 'फ्यूरी' हे शब्द रागावलेल्या माणसाविषयी बोलतात. 'आउटरेज' मात्र आधी ज्या कृत्यामुळे राग आला त्या कृत्याविषयी बोलतो आणि मग रागाविषयी. एकच शब्द गुन्ह्याचेही नाव आहे आणि त्या गुन्ह्याने उसळलेल्या क्षोभाचेही. मराठीत या दोन गोष्टींसाठी दोन निराळे शब्द आहेत. त्यामुळे भाषांतर करताना, आणि एकूणच अशा घटनांविषयी बोलताना, यांपैकी एक गोष्ट नकळत गळून पडते. बहुतेक वेळा गळते ते कृत्य. उरतो तो संताप.

या शब्दाची व्युत्पत्ती, त्याचे अर्थ, कायद्यातील त्याचे स्थान आणि मराठीतील त्याचे प्रतिशब्द यांचा हा परिचय. शब्दाचा खरा कस प्रत्यक्ष घटनांवर लागतो, म्हणून पुढील बरीचशी उदाहरणे एकाच जिल्ह्यातून, म्हणजे अहमदनगरमधून घेतली आहेत. २०२४ मध्ये या जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. त्याआधीच्या घटनांच्या संदर्भात येथे 'नगर' हेच रूढ नाव वापरले आहे.

'रेज'शी नाते नाही

'आउटरेज' हा शब्द पाहताच तो 'आउट' आणि 'रेज' या दोन शब्दांचा बनला असावा, असे कोणालाही वाटेल. आतला राग बाहेर पडला तो 'आउटरेज', अशी फोड मनात सहज तयार होते. ही फोड चुकीची आहे. 'रेज' हा शब्द लॅटिनमधील 'रेबिज', म्हणजे पिसाळलेपणा, या शब्दावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. कुत्र्याच्या चाव्याने होणाऱ्या रोगाचे नावही तेच. 'आउटरेज'चे कूळ वेगळे आहे. लॅटिनमध्ये 'अल्ट्रा' म्हणजे पलीकडे. अल्ट्रासाउंड, अल्ट्राव्हायोलेट या शब्दांतील 'अल्ट्रा' तोच. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे 'उत्र' झाले आणि त्याला 'आज' हा नामसाधक प्रत्यय लागून 'उत्राज' हा शब्द सिद्ध झाला. 'करेज', 'डॅमेज' या शब्दांच्या शेवटी दिसतो तोच हा प्रत्यय. म्हणजे 'आउटरेज'चा मूळ अर्थ 'पलीकडे जाणे', मर्यादा ओलांडणे, अतिरेक.

इसवी सनाच्या १३०० च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ अतिरेक, बेतालपणा असाच होता. खाण्यापिण्यातला अतिरेक, खर्चातला अतिरेक, वागण्यातला अतिरेक, या सर्वांना तो लागू पडे. पुढे मर्यादा ओलांडणारी हिंसा, उघड अपमान, घोर अन्याय हे अर्थ त्याला चिकटले. अशा कृत्याने मनात उठणारा क्षोभ हा अर्थ त्याहून उशिरा आला, आणि तो येण्यास व रुजण्यास 'आउट' व 'रेज' या चुकीच्या फोडीचाही हातभार लागला. इटालियन भाषेतील 'ओल्त्राज्यो' आणि स्पॅनिशमधील 'उल्त्राखे' हे याच कुळातील शब्द आजही अपमान, अप्रतिष्ठा या अर्थाने, म्हणजे कृत्याच्याच अर्थाने वापरले जातात. रागाचा अर्थ प्रबळ झाला तो इंग्रजीत.

अर्थ आणि व्याकरण

आजच्या इंग्रजीत या शब्दाचे मुख्य उपयोग तीन.

पहिला, कृत्यवाचक नाम. या अर्थाने ते मोजता येते. 'ॲन आउटरेज' असे एकवचन आणि 'आउटरेजेस' असे अनेकवचन होते. ब्रिटिश वृत्तपत्रांत बॉम्बस्फोटाला 'बॉम्ब आउटरेज' म्हणण्याची जुनी रीत आहे. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधील शेतीच्या तंट्यांतून होणाऱ्या गुन्ह्यांची पोलीस जी नोंद ठेवत, तीही 'आउटरेज' या नावाखाली.

दुसरा, भावनावाचक नाम. या अर्थाने ते मोजता येत नाही. 'पब्लिक आउटरेज', 'मॉरल आउटरेज' हे प्रयोग या वर्गातले. एखादी घटना 'आउटरेज' पेटवते, भडकावते, असे क्रियापद त्याला लागते. वाक्यात कोणता अर्थ आहे हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. नामाच्या मागे 'ॲन' असेल किंवा ते अनेकवचनी असेल, तर बहुधा कृत्याचा अर्थ असतो. पुढे 'ॲट' किंवा 'ओव्हर' आले, तर बहुधा भावनेचा.

तिसरा, क्रियापद. याच्यातही दोन छटा आहेत. कोणाची अप्रतिष्ठा करणे, मर्यादा भंग करणे ही जुनी छटा कायद्याच्या भाषेत टिकून आहे. कोणाला संतप्त करणे ही नवी छटा रोजच्या भाषेत आहे.

'आउटरेजस' हे विशेषण मात्र या गंभीर घरातून बरेच दूर भटकले आहे. अवाच्या सवा किमतीला, भलत्याच दाव्याला, विचित्र पोशाखाला आणि कधी कौतुकाने एखाद्या अफलातून फटक्यालाही ते लावले जाते. यात शब्दाचा र्‍हास दिसत असला, तरी एका परीने तो आपल्या मूळ अर्थाकडेच परतला आहे. 'मर्यादेपलीकडचे' एवढाच त्याचा अर्थ येथे उरतो. रागाचा त्यात अंशही नसतो.

मराठीतील जुळा शब्द

'आउटरेज'ला मराठीत जुळा शब्द शोधायचा तर तो 'संताप' नव्हे, 'अत्याचार' हा आहे. अति अधिक आचार. आचाराची सीमा ओलांडणे. संस्कृतात या शब्दाचा अर्थ रूढ आचाराचे उल्लंघन असा आहे. मराठीत त्याने जुलूम, क्रूर कृत्य हा अर्थ घेतला. लॅटिनमधील 'अल्ट्रा' आणि संस्कृतातील 'अति' यांनी दोन भाषांत एकाच रीतीने घडवलेले हे दोन शब्द आहेत. दोन्ही शब्दांचा प्रवास अतिरेकाकडून अन्यायाकडे झाला. फरक एवढाच, की इंग्रजी शब्द एक पाऊल पुढे जाऊन रागाचाही वाचक झाला. मराठी शब्द कृत्यापाशीच थांबला.

अलीकडच्या मराठी वृत्तपत्रांत 'अत्याचार' या शब्दाचा अर्थ आणखी आकुंचित झाला आहे. 'मुलीवर अत्याचार' असे लिहिले की वाचक त्याचा अर्थ बलात्कार असाच घेतो. उच्चारायला कठीण वाटणारा शब्द टाळण्यासाठी ही योजना झाली असावी. परंतु तिच्यामुळे जातीच्या कारणाने झालेली मारहाण, बहिष्कार, सावकारी जुलूम यांना 'अत्याचार' म्हणताना आता विशेषण जोडावे लागते.

मराठीतील रागाचे शब्द

मराठीत रागाच्या शब्दांची वाण नाही. त्यांतील अनेक शब्द आणि वाक्प्रचार रागावलेल्या माणसाच्या शरीराचे व वर्तनाचे वर्णन करतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

'राग' हा शब्द रंज् धातूपासून आला. रंगणे, तांबडे होणे हा त्याचा अर्थ. संस्कृतात राग म्हणजे रंग, ओढ, आसक्ती. 'अनुराग' शब्दात तो अर्थ शिल्लक आहे. मराठीने, आणि बंगालीनेही, तो नेमका उलट टोकाला नेऊन क्रोधवाचक केला. नगर जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली. त्या गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगताना राग, भय आणि क्रोध असे तीन विकार वेगवेगळे सांगितले आहेत. तेथील राग म्हणजे आसक्ती, हे ठाऊक नसलेला आजचा मराठी वाचक 'राग आणि क्रोध दोन्ही कसे?' असे विचारतो.

'क्रोध' हा शब्द नीतिशास्त्राच्या पुस्तकातला. तो षड्रिपूंपैकी एक. 'कोप' आणि 'रोष' हे देवांचे, राजांचे, वडीलधाऱ्यांचे. वरून खाली येणारे. 'संताप' तापण्यातून आला. संस्कृतात त्याचा अर्थ दाह आणि दुःख असाही होतो. मराठीतही संतापात थोडे दुःख मिसळलेले असतेच. 'क्षोभ' म्हणजे ढवळून निघणे, म्हणून तो समुदायाला शोभतो, लोकक्षोभ, जनक्षोभ. 'चीड' अन्यायाची येते, खोटेपणाची येते; केवळ गैरसोयीची चीड फारशी येत नाही. 'त्रागा' म्हणजे स्वतःलाच शिक्षा करणारा राग. 'डूख' धरावा तो सापाने किंवा सापासारख्या माणसाने. शिवाय फणकारा, तणतण, थयथयाट, आदळआपट हे घरगुती शब्द आहेतच. तळपायाची आग मस्तकात जाते, राग नाकाच्या शेंड्यावर असतो, डोळ्यांत अंगार फुलतो. या सर्वांत राग कोणाला आला आणि कसा दिसला ते कळते. कशामुळे आला ते कळत नाही.

'आक्रोश' या शब्दाचा वेगळा उल्लेख करावा लागेल. मराठीत आक्रोश म्हणजे मोठ्याने केलेला विलाप. हिंदीत त्याला तीव्र रोषाचा अर्थ आहे. 'जनआक्रोश मोर्चा' या आता मराठीत रुळलेल्या शब्दप्रयोगात हिंदी अर्थ आला आहे. मराठी कानाला मात्र त्यात अजूनही रडणे ऐकू येते.

इंग्रजीतील 'मॉरल आउटरेज'ला मराठीत एक सुंदर प्रतिशब्द पूर्वीपासून आहे, तो म्हणजे 'सात्त्विक संताप'. स्वतःच्या लाभहानीशी संबंध नसलेला, केवळ अन्याय पाहून आलेला राग. भारतीय परंपरेने सर्व रागांना एकाच तराजूत घातलेले नाही, हेही या निमित्ताने नमूद करावयास हवे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ८३ आणि ८४ ही दोन सूक्ते 'मन्यु' या देवतेची आहेत. मन्यु म्हणजे तेज आणि बळ देणारा आवेश. गीता मात्र दैवी गुणांत 'अक्रोध' सांगते आणि काम, क्रोध, लोभ ही नरकाची तीन दारे मानते. ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या शेवटी पसायदान मागितले तेव्हा दुष्टांचा नाश मागितला नाही, तर त्यांच्यातील वाकडेपणा जावा असे मागितले. कृत्य आणि कर्ता यांच्यात केलेला हा भेद 'आउटरेज'सारख्या शब्दाचा विचार करताना उपयोगी पडतो.

जवळचे इंग्रजी शब्द

'अँगर' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि तेथे त्याचा अर्थ दुःख, त्रास असा होता. त्याच्या मुळाशी 'आवळले जाणे, अरुंद होणे' ही कल्पना आहे. 'अँग्विश', 'अँग्झायटी' हे शब्द त्याच मुळाचे, आणि संस्कृतातील 'अंहस्', म्हणजे संकट, हाही त्याचाच दूरचा नातेवाईक.

'इंडिग्नेशन' हा 'आउटरेज'चा सर्वांत जवळचा शेजारी. लॅटिनमध्ये 'डिग्नस' म्हणजे योग्य, पात्र. जे अयोग्य आहे, ज्याला जे मिळू नये ते मिळाले, याचा राग म्हणजे 'इंडिग्नेशन'. मात्र या शब्दाने कृत्याचा बोध होत नाही. तो केवळ भावनेचा आहे.

'रिझेंटमेंट' म्हणजे मनात धरून ठेवलेला राग, अढी. या शब्दाच्या निमित्ताने नगरच्या भुईकोट किल्ल्याची आठवण होते. १९४२ च्या आंदोलनात काँग्रेस कार्यकारिणीचे नेते तेथे कैदेत होते. पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तेथेच लिहिले. मौलाना आझादांनी तेथे लिहिलेल्या, त्या वेळी टपालात न पडलेल्या पत्रांचा संग्रह 'गुबार-ए-खातिर' या नावाने १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. 'गुबार' म्हणजे धूळ, आणि लक्षणेने मनात साठलेली खंत, रोष. मनावर हळूहळू बसलेली ही धूळ आणि 'आउटरेज'चा भडका, हे रागाचे दोन अगदी निराळे प्रकार आहेत.

कायद्यातील 'आउटरेज'

भारतातील कायद्याच्या भाषेत हा शब्द १८६० च्या भारतीय दंडसंहितेपासून आहे. कलम ३५४ मध्ये स्त्रीच्या 'मॉडेस्टी'ला 'आउटरेज' करण्याच्या हेतूने केलेला हल्ला वा बलप्रयोग हा गुन्हा होता. मराठीत त्याला 'विनयभंग' हा शब्द मिळाला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तेथे हा गुन्हा कलम ७४ मध्ये आहे आणि इंग्रजी पाठात 'आउटरेज' हा शब्द कायम आहे. मराठी भाषांतर येथे नेमके आहे. 'भंग' या शब्दात सीमा मोडल्याची कल्पना स्पष्ट आहे.

या शब्दाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयापुढे १९६६ मध्ये पंजाबातील एक खटला आला होता. पीडित होती साडेसात महिन्यांची बालिका. जिला लज्जा, अपमान या भावनांची जाणीवच नाही, तिचा विनयभंग होऊ शकतो काय, असा प्रश्न होता. न्यायालयाने बहुमताने होकारार्थी उत्तर दिले. स्त्रीची प्रतिक्रिया महत्त्वाची असली, तरी ती नसणे प्रत्येक वेळी निर्णायक नसते. आरोपीचा हेतू हा गाभा आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. शब्दार्थाच्या दृष्टीने हा निर्णय मूलगामी आहे. 'आउटरेज' घडण्यासाठी पीडित व्यक्तीला राग यावाच लागतो असे नाही. तो कृत्यात असतो.

दुसरे उदाहरण कलम २९५-अ चे. हे कलम १९२७ मध्ये घातले गेले. न्याय संहितेत ते २९९ आहे. धार्मिक भावनांना 'आउटरेज' करण्याच्या हेतुपुरस्सर आणि दुष्ट उद्देशाने केलेला अपमान, असा त्याचा विषय. रोजच्या मराठीत आपण याला 'धार्मिक भावना दुखावणे' म्हणतो. येथे मात्र मराठी शब्द फार सौम्य पडतो. भावना 'दुखावण्या'साठी दंडसंहितेत कलम २९८ वेगळे होते आणि तेथे इंग्रजी शब्द 'वूंड', म्हणजे जखमी करणे, असा होता. २९५-अ मधील गुन्हा त्याहून गंभीर आहे. १९५७ मध्ये हे कलम घटनेशी सुसंगत ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले, की धर्माचा कोणताही अपमान नव्हे, तर दुष्ट हेतूने मुद्दाम केलेला उग्र स्वरूपाचा अपमानच येथे अभिप्रेत आहे. 'दुखावणे' या शब्दामुळे मराठीत प्रत्येक मनोदुखी ही गुन्ह्याच्या पायरीवर आल्यासारखी वाटते. भाषांतरातील एका शब्दाने कायद्याविषयीची लोकांची कल्पना कशी बदलते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

१८७५ : कोणाचा 'आउटरेज'?

'आउटरेज' म्हणजे मर्यादाभंग म्हटले की पुढचा प्रश्न येतो : मर्यादा कोणी ओलांडली? नगर जिल्ह्याच्या इतिहासात या प्रश्नाचे एक जुने उदाहरण आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. हे लोण लवकरच नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांत पसरले. जमावाचा रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे, हिशेबाच्या वह्या, कोर्टाचे हुकूमनामे मागून घेऊन जाळणे हा मुख्य उद्देश. कागद मुकाट्याने हवाली केले तेथे बहुधा पुढे काही घडले नाही. सरकारने चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल 'पुणे व अहमदनगरमधील दंगे' अशा शीर्षकाने प्रसिद्ध झाला आणि इतिहासाच्या पुस्तकांत 'दख्खनचे दंगे' हे नाव रूढ झाले.

कायद्याच्या दृष्टीने मर्यादा ओलांडली ती शेतकऱ्यांनी. परंतु त्यामागे वर्षानुवर्षांचा दुसरा मर्यादाभंग होता. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे येथील कापसाला भाव आला आणि कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले, तरी पुढे सरकारने शेतसारा वाढवला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली. हेतू कर्जदाराच्या संरक्षणाचा, परिणाम उलटा. दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. निरक्षर शेतकरी अंगठा उठवी आणि कोर्टात त्याच्या गैरहजेरीत निकाल लागे. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करून सरकारने कर्जापोटी शेतकऱ्याला होणारी कैद बंद केली आणि रोख्याच्या मागे जाऊन व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. कागदाआडच्या अन्यायाची दखल अशा रीतीने कायद्याने घेतली, परंतु कागद जळाल्यानंतर.

या घटनेला 'दंगा' म्हटले की राग दिसतो. 'सावकारी जुलूम' म्हटले की कृत्य दिसते. 'आउटरेज' हा शब्द येथे वापरावयाचा झाला तर तो दोन्ही बाजूंना लागेल, आणि लिहिणाऱ्याला आधी सांगावे लागेल की आपण कोणाच्या बाजूने मोजतो आहोत.

खर्डा आणि कोपर्डी

अलीकडची दोन उदाहरणे अधिक वेदनादायक आहेत. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून त्याला मारहाण करण्यात आली होती. १३ जुलै २०१६ रोजी कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे मराठा समाजातील पंधरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. दोन्ही मुले शाळेच्या वयाची होती. शब्दाच्या पहिल्या, म्हणजे कृत्याच्या अर्थाने दोन्ही घटना 'आउटरेज' आहेत आणि त्यांत उणेअधिक करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसऱ्या, म्हणजे भावनेच्या अर्थाने मात्र चित्र वेगळे होते. खर्ड्यानंतर निषेध झाले, मोर्चे निघाले, परंतु त्यांत मुख्यतः दलित संघटना आणि काही पुरोगामी कार्यकर्ते होते. कोपर्डीनंतर ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबाद येथून मराठा मूक मोर्चांना प्रारंभ झाला. त्यांची संख्या पुढे पन्नासच्या वर गेली. लाखोंच्या त्या मोर्चांनी घोषणा दिल्या नाहीत. आक्रोशाशिवाय व्यक्त झालेला तो क्षोभ होता, आणि म्हणूनच त्याची नोंद देशभर घेतली गेली. कोपर्डीच्या गुन्हेगारांना शिक्षा, आरक्षण, शेतीचे प्रश्न यांबरोबरच अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात बदल करावा, अशीही मागणी त्यांत होती.

१९८९ च्या त्या कायद्याला मराठी बोलीत 'ॲट्रॉसिटी' म्हणतात. 'ॲट्रॉसिटी' हा शब्दही मूळ कृत्याचाच, क्रौर्य या अर्थाचा. परंतु 'त्याने ॲट्रॉसिटी केली' असे आज मराठीत म्हटले, तर त्याचा अर्थ 'त्याने अत्याचार केला' असा होत नाही. 'त्याने त्या कायद्याखाली तक्रार केली' असा होतो. जो शब्द अत्याचार करणाऱ्याकडे बोट दाखवणारा होता, तो तक्रार करणाऱ्याकडे वळला. शब्दातून कृत्य गळून पडले की काय होते, हे पाहावयास याहून दुसरा दाखला नको.

पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये, एकाच आठवड्याच्या अंतराने, अहमदनगरच्या सत्र न्यायालयात दोन्ही खटल्यांचे निकाल लागले. २३ नोव्हेंबरला खर्डा खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. २९ नोव्हेंबरला कोपर्डी खटल्यातील तिघांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. प्रत्येक खटला आपल्या पुराव्यावर उभा असतो आणि दोन निकालांची सरळ तुलना करणे योग्य नव्हे. परंतु साक्ष देण्यासाठी पुढे येणाऱ्याच्या पाठीशी किती समाज उभा आहे, याचा परिणाम साक्षीवर होत नाही असे कोण म्हणेल? संतापाचे आकारमान समाजातील संख्येवर अवलंबून असते. कृत्याची गंभीरता नसते. 'आउटरेज'च्या दोन अर्थांतील हे अंतर आहे, आणि ते शब्दकोशापुरते नाही.

भाषांतर करताना

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक सूचना करता येतील.

कृत्याचा अर्थ असेल तेथे 'अत्याचार', 'घोर अन्याय', 'निर्घृण कृत्य' यांपैकी प्रसंगोचित शब्द घ्यावा. 'टेररिस्ट आउटरेज'ला 'दहशतवादी कृत्य' किंवा 'दहशतवादी हल्ला' म्हणावे; 'दहशतवादी संताप' असे यांत्रिक भाषांतर हास्यास्पद होईल.

समुदायाच्या भावनेचा अर्थ असेल तेथे 'जनक्षोभ' किंवा 'लोकक्षोभ' हे 'संतापाची लाट' यापेक्षा नेमके. मात्र शक्य तेथे कशाबद्दलचा क्षोभ, हे त्याच वाक्यात यावे. 'गावात संतापाची लाट' या मथळ्यात गाव दिसते, बळी दिसत नाही.

'मॉरल आउटरेज' म्हणजे सात्त्विक संताप. 'सिलेक्टिव्ह आउटरेज' या अलीकडे बोकाळलेल्या प्रयोगाला 'सोयीचा संताप' हा प्रतिशब्द चालेल. हा आरोप नेहमी समोरच्यावर केला जातो, हे त्या प्रयोगाचे वैशिष्ट्य.

'आउटरेजस' या विशेषणासाठी संदर्भ पाहूनच शब्द निवडावा. वक्तव्य असेल तर 'संतापजनक' किंवा 'बेताल', किंमत असेल तर 'अवाच्या सवा', दावा असेल तर 'भलताच'.

'धार्मिक भावना दुखावल्या' हे बातमीत लिहिताना आरोप कोणत्या कलमाखालील आहे ते पाहावे. २९९ खालील असेल तर 'भावनांचा हेतुपुरस्सर घोर अवमान' असे लिहिणे कायद्याच्या आशयाशी अधिक प्रामाणिक ठरेल.

इंग्रजीने एका शब्दात कृत्य आणि क्रोध एकत्र ठेवले, यात सोय आहे तसा गोंधळही आहे. इंग्रजी वाचकालाही पुष्कळदा दोहोंतील कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे शोधावे लागते. मराठीत दोन शब्द असल्याने हा गोंधळ टाळता येतो. अट एवढीच, की दोन्ही शब्द वापरावे लागतात. घटना घडते तेव्हा आधी अत्याचार कोणता, कोणावर आणि कोणी केला हे सांगावे. संताप किती मोठा होता हे त्यानंतर. ज्यांच्यासाठी मोठा मोर्चा निघत नाही त्यांच्यावरील अत्याचाराचे नावही मग बातमीत राहील.